पायाखालचा पत्रा : जुन्या बसचा तळ कसा तपासावा, कसा बदलावा

बसमध्ये चढणारा प्रवासी आसन पाहतो, खिडकी पाहतो, फार तर छप्पर गळते का ते पाहतो. ज्यावर तो उभा असतो त्या तळाकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः बसच्या बॉडीतील सर्वाधिक झीज याच भागाची होते. वरून प्रवाशांचे पाय, खालून रस्त्याचा चिखल आणि दोन्हींकडून पाणी, असा तिहेरी मारा तळ वर्षानुवर्षे सोसत असतो. त्याची झीज मात्र चटई आणि पत्र्याखाली झाकलेली राहते.

या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते, हे चेन्नईजवळच्या तांबरम परिसरात जुलै २०१२मध्ये घडलेल्या दुर्घटनेने दाखवून दिले. दुसरीत शिकणारी एक मुलगी शाळेच्या धावत्या बसच्या तळाला पडलेल्या भोकातून खाली पडली आणि चाकाखाली सापडून मरण पावली. मद्रास उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि तामिळनाडूत त्याच वर्षी शालेय बससाठी विशेष नियम आले. त्यानंतर बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०२४मध्ये, त्याच शहरात एका सार्वजनिक बसचा तळ आसनाजवळ खचून एक महिला प्रवासी अर्धी खाली गेली. सहप्रवाशांनी आरडाओरडा करून बस थांबवल्याने ती बचावली. पाऊस आणि जुन्या गाड्या जिथे आहेत, तिथे अशा घटनेची शक्यता असतेच.

जुन्या बसला नवे रूप देऊन तिचा वेगळा उपयोग करण्याचे प्रमाण महाराष्ट्रात वाढत असताना हा विषय अधिकच महत्त्वाचा ठरतो. या कामाची मोठी परंपरा ज्या शहराला आहे, ते म्हणजे छत्रपती संभाजीनगर.

चिकलठाण्याची परंपरा

मराठवाड्यातील सरकारी बससेवा राज्य परिवहन महामंडळापेक्षा जुनी आहे. निजाम राजवटीत १९३२ साली रेल्वेच्या अखत्यारीत रस्ते वाहतूक विभाग सुरू झाला. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एसटी धावली. त्या गाडीची बॉडी लाकडी होती आणि आसने काथ्याची. मराठवाड्याची बससेवा १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत : पुण्यात दापोडी, नागपुरात हिंगणा आणि छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा. आगारात रोजची देखभाल, विभागीय कार्यशाळेत मोठी दुरुस्ती आणि मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडीची बांधणी व पुनर्बांधणी, अशी ही उतरंड आहे.

गेल्या पाऊणशे वर्षांत बॉडीचे साहित्य बदलत गेले. लाकडाची जागा धातूने घेतली, पुढे ॲल्युमिनियमचे युग आले आणि २०१८च्या सुमारास महामंडळाने जुन्या चॅसिसवर पुन्हा पोलादी, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, बॉडी चढवण्यास सुरुवात केली. २०२० साली टाळेबंदीमुळे प्रवासी वाहतूक थंडावली, तेव्हा मे महिन्यापासून महामंडळ मालवाहतुकीत उतरले. त्यासाठी जुन्या प्रवासी बसमधील आसने काढून त्यांचे मालवाहू गाड्यांत रूपांतर करण्यात आले. लालपरीच्या पोटात प्रवाशांऐवजी पोती, खोकी आणि आंब्याच्या पेट्या आल्या.

रूपांतराची उदाहरणे एवढ्यावर थांबत नाहीत. पुण्यात २०१६पासून जुन्या शहर बसमध्ये महिलांसाठी ‘ती’ नावाची स्वच्छतागृहे उभी राहिली. मुंबईत २०२०मध्ये बेस्टने आपल्या काही लहान बस रुग्णवाहिका म्हणून सज्ज केल्या. राज्य सरकारने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर बसमध्ये झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून घेणाऱ्यांचे कुतूहलही वाढले. यांतील प्रत्येक बदलात आसने निघतात, भिंती बदलतात, रंग बदलतो. तळ मात्र पुष्कळदा तोच राहतो आणि त्यावर नवा थर चढतो. खरी चूक होते ती इथेच.

तळाची रचना

बसचा तळ म्हणजे केवळ एक फळी किंवा पत्रा नव्हे. सर्वांत खाली चॅसिसच्या दोन लांब पोलादी तुळया असतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांचे आस यांचा भार त्याच पेलतात. त्यांवर ठरावीक अंतराने आडव्या तुळया बसवलेल्या असतात. व्यवसायात त्यांना ‘क्रॉस बेअरर’ म्हणतात. या आडव्या तुळयांची टोके दोन्ही बाजूंच्या उभ्या खांबांना जोडलेली असतात. त्यांवर अँगल किंवा चौकोनी नळ्यांची जाळी, जाळीवर प्लायवूड आणि सर्वांत वर खडबडीत नक्षीचा ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा व्हिनाइलची चटई, असा हा थरांचा मेळ असतो.

या रचनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे आडव्या तुळया केवळ पायाखालचा भार पेलत नाहीत. त्या डाव्या आणि उजव्या भिंतीला एकमेकींशी बांधून ठेवतात. त्या गंजल्या की बॉडी सैल होते, खिडक्या खडखडू लागतात आणि दरवाजा नीट बसेनासा होतो. दुसरी गोष्ट म्हणजे आसनांचे पाय तळालाच जखडलेले असतात. अपघाताच्या धक्क्यात आसन जागेवर राहील की प्रवाशासह उखडले जाईल, हे आसनाच्या गादीवर नव्हे, तर तळाच्या ताकदीवर ठरते.

रूपांतरित गाडीत भाराचे गणितच बदलते. चव्वेचाळीस प्रवासी, प्रत्येकी सरासरी ६५ किलो धरले, तर एकूण वजन २,८६० किलो होते. ते सुमारे २२ चौरस मीटरच्या तळावर पसरले तर दर चौरस मीटरला १३० किलो भार पडतो. याउलट ५० किलोची आठ पोती एकावर एक रचली की जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर ४०० किलो येतात. म्हणजेच दर चौरस मीटरला ८०० किलो, प्रवासी बसच्या सहा पट. फिरत्या स्वच्छतागृहातील किंवा कॅरॅव्हॅनमधील ५०० लिटरची पाण्याची टाकी एका चौरस मीटरवर कायम ५०० किलोचे ओझे ठेवते. शिवाय ब्रेक लागताच टाकीतील पाणी पुढे झेपावते, ते वेगळेच. त्यामुळे प्रवाशांसाठी चांगला असलेला तळ नव्या कामासाठीही चांगला असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

तळ कशाने कुजतो

बहुतेकांची समजूत अशी, की तळाला गंज खालून, रस्त्यावरच्या पाण्याने चढतो. ते अर्धसत्य आहे. पुष्कळ पाणी वरून येते. खिडकीच्या सैल रबरातून, छपराच्या सांध्यातून, आणीबाणीच्या दरवाजाच्या कडेने ते आत शिरते, भिंतीच्या पोकळीतून खाली उतरते आणि तळाच्या कडेला साचते. पावसाळ्यात प्रवाशांच्या छत्र्यांचे पाणी, गाडी धुताना आत सोडलेला पाण्याचा फवारा हेही त्यात मिळते. चटईखाली गेलेले पाणी वाळत नाही. लाकडातील ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी वाढू लागते आणि प्लायवूडचे थर सुटू लागतात.

खालच्या बाजूने येणारा मारा प्रदेशागणिक वेगळा असतो. कोकणात खारी हवा धातू खाते. मराठवाड्यात पाऊस तुलनेने कमी, छत्रपती संभाजीनगरात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर. पण इथली काळी माती चिकट आहे. आडव्या तुळयांच्या खाचांत ती थापली जाते आणि पाऊस थांबल्यानंतरही आपल्यातील ओल बरेच दिवस धरून ठेवते. बाहेरून कोरडी दिसणारी गाडी आतून ओली राहते ती अशी. त्यात कन्नडचा घाट, वेरूळकडे जाणारी वळणे आणि गावोगावचे गतिरोधक यांमुळे बॉडी सतत पिळवटली जाते. वेल्डिंगच्या जोडांपाशी बारीक चिरा पडतात. त्या चिरांत पाणी शिरले की गंजाला घर मिळते.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या मध्ये गंज चढला की ते फुगून एकमेकांपासून दूर होतात आणि रिबिटांवर ताण येतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे थेट टेकतात, तिथे ओलाव्याच्या साहाय्याने विद्युत-रासायनिक क्रिया घडते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. जुन्या गाड्यांत रिबिटांभोवती पांढरी भुकटी दिसते, ती याचीच खूण. बॅटरीच्या पेटीजवळ आम्लाचे थेंब, इंजिनाजवळ तेलाचा ओघळ आणि उष्णता यांचा उपद्रवही असतो.

अनुभवी कारागिराची नजर म्हणूनच ठरावीक जागांकडे आधी वळते : चढण्याची पायरी आणि तिच्या मागचा कोपरा, चालकाच्या पायाखालची जागा, मागच्या चाकांवरील कमानींच्या कडा, खिडकीकडील बाजूची पट्टी, शेवटच्या लांब आसनाखालचा भाग, आणीबाणीच्या दरवाजाचा उंबरठा आणि बॅटरीच्या पेटीभोवतीची जागा.

तपासणीचा क्रम

तपासणीची सुरुवात गाडीखाली नव्हे, तर कागदपत्रांपासून करणे शहाणपणाचे असते. नोंदणीची तारीख, आसनसंख्या, एकूण वजनाची मर्यादा आणि योग्यता प्रमाणपत्राची, म्हणजे बोलीभाषेतील ‘पासिंग’ची, मुदत पाहावी. सरकारी मालकीच्या वाहनांना हा मुद्दा निर्णायक आहे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमानुसार पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी व परिवहन उपक्रमांच्या वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. चौदा वर्षांच्या अशा गाडीला नवा तळ घालणे म्हणजे वर्षभरात भंगारात जाणाऱ्या वस्तूवर खर्च करणे होय.

त्यानंतर गाडी सपाट जागी अथवा कार्यशाळेतील खड्ड्यावर उभी करावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि बॅटरीची जोडणी सोडवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खालचा भाग आधी पाण्याने धुऊन घ्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. मातीचा थर असताना केलेली तपासणी निरुपयोगी असते.

खालून पाहताना तारेच्या ब्रशने गंज खरवडावा आणि लहान हातोडीने तुळयांवर टकटक करत जावे. निरोगी पोलाद खणखणीत वाजते, आतून खाल्लेले पोलाद बद्द आवाज देते. जिथे शंका येईल तिथे टोकदार टोच्याने दाबून पाहावे. टोचा आत रुतला किंवा पापुद्रे निघाले, तर तो भाग गेला असे समजावे. केवळ वरवरचा तांबूस रंग दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. धातूची जाडी किती उरली, हे महत्त्वाचे. चौकोनी नळ्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते, कारण त्या आतून गंजतात आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो.

वरून पाहताना आधी नुसते चालून पाहावे. पायाखाली मऊ लागणारी, दबणारी किंवा करकरणारी जागा खडूने आखावी. दोन भिंतींच्या मध्ये ताणून दोरी धरली की तळाला आलेली झोळ लगेच दिसते. त्यानंतर चटई उचलावी. कुबट वास, काळपट डाग, जागा सोडलेले स्क्रू ही कुजल्याची लक्षणे होत. आसनाचे पाय हाताने हलवून पाहावेत. बोल्ट घट्ट असूनही पाय हलत असेल तर दोष बोल्टचा नसून त्याखालच्या पायाचा असतो. तरीही खात्री नसेल, तर पायरीजवळ, मागच्या चाकाच्या कमानीलगत आणि शेवटच्या आसनाखाली असे तीन ठिकाणी फूटभर लांबी-रुंदीचे तुकडे कापून आत डोकावावे. हे तीन तुकडे सहसा सगळी कहाणी सांगतात.

सर्वांत शेवटी पाण्याची चाचणी. एकाने बाहेरून खिडक्या, छपराचे सांधे आणि दरवाजे यांवर नळीने पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आतून पाहावे. गळतीची जागा सापडल्याशिवाय तळाच्या कामाला हात घालू नये. गळके छप्पर तसेच ठेवून घातलेला नवा तळ काही पावसाळ्यांतच जुन्याच्या वाटेने जातो.

या सर्व निरीक्षणांचा एक साधा नकाशा कागदावर काढावा आणि प्रत्येक तुळईला क्रमांक द्यावा. चांगली, दुरुस्तीयोग्य आणि बाद अशा तीन वर्गांत विभागणी केली की निर्णय सोपा होतो. केवळ फळ्या कुजल्या असतील तर काम मर्यादित असते. काही आडव्या तुळया गेल्या असतील तर काम मोठे, पण करण्यासारखे असते. चॅसिसच्या मुख्य तुळयांनाच चिरा असतील किंवा त्यांची जाडी घटली असेल, तर ती गाडी रूपांतरासाठी निवडूच नये.

जुना तळ काढताना

तळ काढण्याच्या कामात खरा धोका नजरेआड असतो. बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या हवेच्या नळ्या, डिझेलची नळी आणि विजेच्या तारांचे जुडगे तळालगतच नेलेले असतात. वरून बेफिकिरीने ड्रिल चालवले वा ग्राइंडर फिरवला, तर त्यांना इजा होते. म्हणून आधी खालून प्रत्येक नळीची व तारेची वाट पाहून तिची खूण वर उमटवावी आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटी यांची जोडणी सोडवावी, डिझेलची टाकी काढावी किंवा सुरक्षितपणे झाकावी, अग्निशामक जवळ ठेवावे आणि ठिणग्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस स्वतंत्र नेमावा.

आसने, चटई, फळ्या हा काढण्याचा क्रम. मात्र आडव्या तुळया सगळ्या एकाच वेळी कधीही कापू नयेत. त्या निघाल्या की दोन्ही भिंतींना बांधून ठेवणारे काही उरत नाही आणि बॉडी तिरकी होते. मग दरवाजे बसत नाहीत, काचा तडकतात. म्हणून भिंतींच्या मध्ये तात्पुरते तिरपे आधार द्यावेत आणि एक तुळई काढून नवी बसवल्यानंतरच पुढच्या तुळईला हात घालावा. काम सावकाश होते, पण गाडीचा आकार कायम राहतो.

गंजलेला भाग कापताना चांगले पोलाद लागेपर्यंत मागे जावे. कुजक्या धातूला केलेले वेल्डिंग दिसायला जोड असते, ताकदीला नसते. नवा तुकडा मूळ जाडीचाच असावा. चॅसिसच्या मुख्य तुळयांवर मात्र वेल्डिंग करणे किंवा त्यांच्या वरच्या-खालच्या कडांना भोके पाडणे टाळावे. गाड्यांचे उत्पादक याबाबत स्पष्ट मनाई करतात, कारण अशा जागीच पुढे चिरा सुरू होतात. त्या ठिकाणी यू-बोल्ट अथवा मूळच्या भोकांतून बोल्ट यांचाच वापर करावा.

सर्व धातूकाम झाल्यावर गंज घासून काढावा, प्राइमरचे आणि रंगाचे थर द्यावेत आणि खालच्या बाजूस गंजरोधक लेप चढवावा. चौकोनी नळ्यांच्या आत मेणयुक्त गंजरोधक फवारता येतो. रंग पुरता वाळण्याआधी फळी ठेवण्याची घाई बहुधा महागात पडते.

नवा तळ घालताना

फळीसाठी प्लायवूडच वापरायचे असेल, तर ते मरीन दर्जाचे असावे. भारतीय मानक आयएस ७१० अन्वये या प्लायवूडच्या चिकटवणुकीची कसोटी उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून घेतली जाते. घरातील कपाटासाठी वापरले जाणारे स्वस्त प्लायवूड बसमध्ये टिकत नाही. प्रवासी वापरासाठी १२ ते १९ मिलिमीटर जाडी प्रचलित आहे. ती निवडताना खालच्या जाळीतील अंतर आणि वर येणारा भार दोन्ही पाहावेत. पाण्याची टाकी, पलंग, ओटा किंवा मालाची रास जिथे येणार तिथे फळी जाड करण्यापेक्षा खाली एक अधिक तुळई देणे केव्हाही चांगले.

प्लायवूडच्या कापलेल्या कडा हे पाण्याचे प्रवेशद्वार. बसवण्यापूर्वी प्रत्येक कडेला आणि खालच्या बाजूस सीलरचे किंवा रंगाचे दोन-तीन हात द्यावेत. दोन फळ्यांचा सांधा नेहमी तुळईवरच यावा आणि त्यांत दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरावी. धातू आणि फळी यांच्या मध्ये रबराची पट्टी घातल्यास खडखडाट थांबतो आणि ओलही अडते. ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादावर येत असेल तर अशी पट्टी अनिवार्य मानावी.

आसनांचे, पलंगांचे आणि टाक्यांचे बोल्ट केवळ फळीत घट्ट करणे ही सर्रास आढळणारी आणि सर्वांत धोकादायक चूक आहे. बोल्ट फळीतून आरपार जाऊन खालच्या पोलादी तुळईत किंवा तुळईला जोडलेल्या पट्टीत रुजला पाहिजे. बोल्टच्या भोकातही सीलंट भरावे.

वरचे आवरण कामानुसार ठरते. मालवाहू गाडीत नक्षीदार पत्रा टिकतो. प्रवासी आणि राहण्याच्या गाडीत न घसरणारे व्हिनाइल सोयीचे. त्याच्या कडा भिंतीवर दोन-तीन इंच वर वळवून घेतल्या, तर पाणी कोपऱ्यात शिरत नाही आणि झाडलोटही सोपी होते. स्वच्छतागृहाच्या वा स्वयंपाकघराच्या भागात पाणी बाहेर जाण्यासाठी उतार आणि निचऱ्याची नळी हवी. गिअरबॉक्स, टाकी आणि जोडण्या यांवरील झाकणे कधीही कायमची बंद करू नयेत. त्यांना रबरी कडा आणि घट्ट बसणारी कडी असावी. तिथे सैल फळी टाकून वर चटई अंथरणे म्हणजे सापळा लावणे आहे.

आगीचा विचारही तळापासूनच करावा लागतो. ऑक्टोबर २०२२मध्ये नाशिकला आणि १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ झालेल्या बस दुर्घटनांनंतर बसला लागणाऱ्या आगीचा प्रश्न राज्यात ऐरणीवर आला. इंजिन आणि धुराच्या नळीवरील भागात उष्णतारोधक थर द्यावा. चटई, गोंद आणि फोम हे सहज पेट न घेणाऱ्या प्रतीचेच घ्यावेत.

कायद्याची चौकट

कुजलेला तळ काढून तसाच नवा घालणे ही दुरुस्ती होय. आसने काढून बसचे मालवाहू वाहन किंवा कॅरॅव्हॅन करणे हा मात्र वाहनातील बदल ठरतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचले. त्यामुळे कामाला हात घालण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करून मंजुरी घेणे इष्ट. बसच्या बॉडीसाठी एआयएस ०५२ आणि कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ ही वाहन उद्योग मानके आहेत. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक वाहनाची योग्यता दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी तपासली जाते. मात्र चेन्नईजवळच्या त्या शालेय बसकडेही योग्यता प्रमाणपत्र होते, हे विसरता येत नाही. प्रमाणपत्र हे मालकाच्या तपासणीला पर्याय ठरू शकत नाही.

देखभाल

नवा तळ घातल्यावर काम संपत नाही. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आसपास, गाडीचा खालचा भाग धुऊन तुळयांच्या खाचांतील काळी माती काढावी आणि लेप उडालेल्या जागी पुन्हा हात द्यावा. चटईच्या कडा वर्षातून एकदा उचलून पाहाव्यात. खिडक्यांचे रबर कडक झाले की लगेच बदलावे. गाडी आतून धुताना पाण्याचा फवारा सोडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. मजबूत तळासाठी लागणारी मेहनत ही एवढीच आहे.

तळाचे काम डोळ्यांत भरत नाही. रंग, दिवे, पडदे यांवर खर्च केला की गाडी नवी दिसते आणि पाहणारा खूश होतो. त्यामुळे रूपांतर करताना आधी आतील सजावटीचे बेत ठरतात आणि तळ शेवटी, उरलेल्या पैशांत, एखाद्या नव्या पत्र्याखाली झाकला जातो. क्रम नेमका उलटा हवा. आधी तळ उघडावा, तो काय सांगतो ते पाहावे आणि मगच गाडी घ्यावी की नाही, तिचे काय करावे, हे ठरवावे. झाकलेला गंज थांबत नाही, केवळ दिसेनासा होतो. आणि त्याच्यावर पाय ठेवणाऱ्या प्रवाशाला, विशेषतः लहान मुलाला, त्याची काहीच कल्पना नसते.